तुम्ही विचारलंत म्हणून: लिव्हर की नॉब?

"भाऊ, फोर बाय फोर घेऊलालोय. लिव्हरवाली बघू की बटनवाली?" पावसाळा तोंडावर आला की माझ्या गॅरेजात हा प्रश्न येतोच. लिव्हर म्हणजे गिअरशेजारचा ओढायचा दुसरा दांडा, नॉब म्हणजे डॅशबोर्डजवळचं फिरवायचं बटण. दोन्हींचं काम एकच, मागच्या दोन चाकांवर चालणारी गाडी चारही चाकांवर घालणं. विचारणारे बहुतेक बेळगावकडच्या खानापूरच्या पश्चिमेकडचे. जांबोटी, कणकुंबी, नेरसा, गवाळी. तिकडं जून लागला की तांबड्या मातीचा रस्ता उरत नाही, नुसती चाकोरी उरते. अधूनमधून चिकोडी-रायबागचे ऊसवालेही विचारतात. त्यांना आधीच सांगतो, काळवटात, म्हणजे काळ्या मातीत, अडचण टायरची असते. माती नक्षीत भरून टायर गुळगुळीत झाला, की चारही चाकं जागच्या जागी फिरणार. लिव्हर असो नाहीतर नॉब.

आता मूळ प्रश्नाकडं. नवी पिकअप घेणार असाल तर बहुतेक वेळा निवड कंपनीनंच करून ठेवलेली असते. इसुझूची व्ही-क्रॉस 2016 ला आली, टोयोटाची हायलक्स 2022 ला, दोन्हींत नॉब. त्याआधीच्या टाटा झेनॉन आणि स्कॉर्पिओ गेटअवेच्या फोर बाय फोरमध्येही स्विचच होता. लिव्हर तीन दारांच्या थारमध्ये आहे, जिम्नीत आहे, पण त्यांत खताची पोती किती मावणार? फोर्सच्या गुरखानंसुद्धा 2024 ला लिव्हर सोडून नॉब घेतला. म्हणजे हा प्रश्न मुख्यतः जुन्या बाजारातला. तरी नवी घेणाराही विचारतो, कारण त्याच्या पोटात भीती एकच असते: जंगलात बटण चाललंच नाही तर?

गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. दोन्ही गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये फारसा फरक नसतो. लिव्हर ओढली की दांडा हलतो, दांडा आतला काटा, म्हणजे फोर्क, सरकवतो, फोर्क सरकत्या दातेरी कड्याला, म्हणजे स्लीव्हला, ढकलतो आणि पुढच्या चाकांकडं जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट मागच्याला जोडला जातो. नॉबमध्ये तुमच्या हाताचं काम एक छोटी मोटर करते. नॉब फिरला की मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, आधी बघतं, गाडीचा वेग किती, फोर एलला (चारही चाकं, हळू चाल, जास्त जोर) जायचं तर गिअर न्यूट्रलला आहे का, आणि मगच मोटरला सोडतं. फोर एलमध्ये चाकावरचा जोर साधारण अडीच पट होतो, म्हणून ही चौकशी. लिव्हर असली चौकशी करत नाही. चालत्या गाडीत कुणी फोर एलला ओढली तर ती ना म्हणत नाही. आतून करकर ऐकू येते आणि महिन्याभरात गाडी माझ्याकडं येते.

नॉबवाल्या गाडीत बिघाड कुठं होतो म्हणाल, तर मोटरपेक्षा तिच्या कनेक्टरमध्ये जास्त. ट्रान्सफर केस गाडीच्या पोटाखाली असते. ओढ्यातून गाडी काढली की गरम झालेल्या केसवर गार पाणी पडतं, आणि कनेक्टरचं रबरी सील कडक झालेलं असलं की पाणी आत शिरतं. उघडून बघितलं तर तांबड्या गाळाचा बारीक थर आणि पिनांवर हिरवा गंज. दिसायला एवढंसं, पण मोटर कुठं थांबली हे सेन्सर नीट सांगू शकत नाही आणि डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत राहतो. पिना घासून, सील बदलून बऱ्याच गाड्या सुटतात. मोटरच गेली असेल तर मात्र खिसा गरम ठेवा. आणि बॅटरी ढिली असेल तर आधी तीच तपासा. मोटरीला जोर पुरला नाही की ती अर्ध्यात थांबते.

लिव्हरवाले हे ऐकून मिशीत हसतात. त्यांच्याही गाड्या बघतोच की मी. दांड्याच्या सांध्यातले बुश झिजले की लिव्हर फोर एचच्या (चारही चाकं, नेहमीची चाल) जागी दिसते, पण आत दात अर्धेच बसलेले असतात; जोर लागला की सुटून बाहेर. काही लिव्हरवाल्या गाड्यांत पुढच्या चाकांना शाफ्टशी जोडणारे हब व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, लागतात. तिथली बोटाएवढी रबरी नळी उंदरानं कुरतडली, की तुमची यांत्रिक गाडी टू व्हीलच. पण एक मात्र खरं, लिव्हर हाताशी बोलते. दात बसले की खट् कळतं, नाही बसले तर गाडी वीतभर पुढं-मागं घ्यायची हे हातच सांगतो. हेच नॉबवाल्या गाडीतही करायचं असतं, पण दिवा लुकलुकायला लागला की माणूस घाबरून नॉब परत फिरवतो, मग पुन्हा पुढं. मोटर बिचारी मधल्यामध्ये लटकते. एकदा फिरवा, क्लच दाबा, थांबा.

दोन्हीकडं सारखीच एक तक्रार येते: "फोर एच निघेना." विचारलं की कळतं, चिखलातून जांबोटीच्या डांबरी रस्त्याला लागले आणि तसेच वळणं घेत आले. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर तो फरक घसरून निघून जातो. डांबरावर तो शाफ्टांत पीळ होऊन साठतो आणि स्टेअरिंग जड लागतं. स्टेअरिंग सरळ ठेवून गाडी थोडी मागं घ्या, पीळ सुटतो. लिव्हरवर लाथा घालू नका. हो, घालतात लोक.

माझं मत विचाराल तर गाडी कोण चालवणार यावर ठरवा. आज मुलगा, उद्या ड्रायव्हर, परवा पाहुणा अशी हात बदलणारी गाडी असेल तर नॉब बरा. तो मूर्खपणा करू देत नाही. गाडी तुम्ही एकटेच चालवणार आणि घर कणकुंबीच्याही आत असेल, तर चांगल्या स्थितीतली जुनी लिव्हरवाली शोधा. ती अडली तर गावातला ट्रॅक्टर दुरुस्त करणाराही खाली झोपून दांडा सरकवेल. नॉबसाठी गाडीला कॉम्प्युटर लावून बिघाड शोधणारा स्कॅनरवाला लागतो, आणि तो बेळगावात.

जुनी बघायला जाल तेव्हा डांबरावर चक्कर मारून परत येऊ नका. मोकळ्या मातीवर न्या. फोर एच लावा, काढा. थांबून फोर एल लावा, काढा. नॉब असेल तर खाली वाकून मोटरचा कनेक्टर उघडायला लावा आणि पिनांचा रंग बघा. फोर बाय फोर महिन्यातून एकदा तरी मातीवर चालवलं नाही तर आतले भाग आखडतात. म्हणून विकणारा छाती काढून म्हणाला, "कधी वापरलंच नाही, नवं कोरं आहे," तर तिथंच किंमत खाली मागा.