डबा बंद, पत्ता चालू
"दररोज सांजले नेट जास," अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून आमच्या इंटरनेट कंपनीला आबांचा तिसरा फोन. आधी आमची दोन माणसं दुपारी जाऊन 'लाइन ओके' लिहून आली होती. दुपारी नेट चालतच होतं. मी मुद्दाम संध्याकाळी सातला गेलो.

लॅपटॉप वायफायला जोडला. पत्ता मिळाला 192.168.1.4, गेटवे, म्हणजे बाहेर पडायचं दार, 192.168.1.1. गेटवेला पिंग केलं, म्हणजे हाक मारून बघितली, उत्तर येतंय. बाहेर इंटरनेटवर गूगलच्या 8.8.8.8 ला केलं, काहीच नाही. म्हणजे राउटरच्या पुढे दोष, असं आम्ही डोळे मिटून धरतो. पण राउटरवरचा इंटरनेटचा दिवा तर हिरवागार. वैतागून राउटरचा अ‍ॅडॅप्टरच उपटला.

पिंग चालूच. एकही उत्तर चुकलं नाही.

मग उत्तर देतंय कोण? लॅपटॉपवर arp -a टाकून 192.168.1.1 समोरचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, बघितला, राउटर उलटा करून खालच्या स्टिकरशी ताडला. वेगळाच!

"आबा, घरात दुसरा राउटर आहे?"

"नही भो."

दारातला नातू म्हणाला, "वर शे ना, दादाना."

माडीवर, ट्रंकेमागे. थोरल्यानं पुण्याहून जुना राउटर आणून खालून केबल ओढली, लॅन पोर्टात, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या खाचेत, खोचली, वायफायचं नाव आणि पासवर्ड खालचाच ठेवला. हुशार पोरगा, पण राउटरमध्ये मुळातच घातलेला पत्ता बदलायचा राहिला: तोही 192.168.1.1, तोही डीएचसीपीनं, म्हणजे आपोआप, घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारा. 192.168 चे पत्ते घरातल्या घरात वापरायचे, म्हणून आबांचा आणि शेजाऱ्यांचा एकच असला तरी बिघडत नाही. एकाच घरात दोघांचा असला की ज्याचं उत्तर आधी पोचेल, मोबाइल त्याच्याकडे जातो. माडीवरच्याकडे गेला की पुढे रस्ताच नाही. टीव्हीला एकानं आणि सुनेच्या मोबाइलला दुसऱ्यानं तर एकच पत्ता दिलेला. आणि हे सगळं संध्याकाळीच का? वरचा राउटर ज्या बोर्डाला लावलेला, त्याचं बटण नातू अभ्यासाला बसताना दाबायचा.

वरच्याला 192.168.1.250 दिला, त्याचा डीएचसीपी बंद केला, केबल होती तिथेच ठेवली. खालचा चालू करून सगळ्यांना वायफाय एकदा बंद-चालू करायला लावलं.

"मंग आधीना दोन जणसले का नही दखायनं?" आबांनी विचारलं. मी चहाचा कप तोंडाला लावला.

तक्रार बंद करताना कारणाच्या यादीत जवळचा पर्याय एकच होता: 'ग्राहकाचे उपकरण'. तोच निवडला. आबांना काही सांगितलं नाही.