नंबरचा गॉगल आणि तिरकी बसलेली काच

कोथरूडहून हडपसरला स्कूटरने जायचं म्हणजे सकाळी सूर्य समोर, आणि संध्याकाळी परततानाही समोरच. त्यात माझा नंबर उणे साडेतीन. यंदा मार्चमध्ये ठरवलं, नंबरचा पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणारा, गॉगल करायचाच.

फ्रेम अर्ध्या तासात ठरली. ॲसिटेटची सुरेख दिसत होती, पण काड्या जाड, हेल्मेटखाली कानावर रुततात. धातूची मी पूर्वी वापरली आहे, घामाने नाकाजवळ हिरवट थर धरतो. म्हणून टीआर-90 घेतली. नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक, हलकं, वाकवलं तरी पुन्हा सरळ होतं. ॲसिटेट गरम करून कानामागे हवं तसं वळवून देतात, याचं तसं फारसं होत नाही. त्यामुळे दुकानात हेल्मेट घेऊनच जा आणि घालून बघा.

आठ दिवसांनी गॉगल मिळाला आणि तिसऱ्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं. दुकानात गेले. मशीनवर काच तपासली, "मॅडम, नंबर बरोबर आहे, सवय होईल." आठवड्याने पुन्हा गेले. बाहुल्यांमधलं अंतर मोजलं, तेही बरोबर. "पोलराइज्ड आहे ना?" विचारलं, तर मोबाइलसमोर गॉगल फिरवून काच काळी होताना दाखवली. मला काही बोलता येईना, पण डोकं तर रोज दुखत होतं. दोन वेळा अर्धी रजा टाकून गेले होते, याचा राग अजून आहे.

उलगडा झाला स्वारगेटच्या सिग्नलला. शेजारच्या कारच्या बॉनेटकडे बघत सहज डावा डोळा मिटला, तर चकाकी नाही. उजवा मिटला, तर पांढरीफेक रेघ. रस्ता, बॉनेट, पाणी यांवरून उसळलेल्या उजेडाचं कंपन मुख्यतः आडवं असतं आणि पोलराइज्ड काच तेच अडवते. पण काच फ्रेममध्ये थोडी फिरून बसली की चकाकी आत येते. माझ्या एका डोळ्याला ती दिसत होती, दुसऱ्याला नाही. माझ्या नंबरात सिलिंडर नाही, म्हणजे ठरावीक कोनातच बसवावा लागणारा नंबर नाही, म्हणून काच कितीही फिरली तरी मशीनवर नंबर तोच येणार. दुकानदाराला ते दिसलं नाही ते यामुळेच.

तिसऱ्या खेपेला त्यांच्याच कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर गॉगल हळूहळू फिरवून दाखवला. उजवी काच पूर्ण काळी झाली तेव्हा डावीतून अजून पडदा दिसत होता. दोन्ही एकाच वेळी काळ्या व्हायला हव्यात. मग मात्र निमूटपणे डावी काच नव्याने कापायला पाठवली, जादा पैसे न घेता. पुन्हा दहा दिवस. तुम्ही ही परीक्षा गॉगल हातात पडल्या पडल्या करा, पैसे चुकते करण्याआधी.

उन्हात काळी होणारी फोटोक्रोमिक काचही मला सुचवली होती. ती अतिनील किरणांनी काळी होते. कारची पुढची काच ते बरेचसे अडवते, म्हणून गाडीत ती जेमतेमच गडद होते. रंग मी करडा घेतला, सिग्नलचे रंग आहेत तसे दिसतात. पोलराइज्डमध्ये स्कूटरचा डिजिटल मीटर मान कलती केली की अंधुक होतो, तेवढं चालवून घ्यावं लागतं. दिवेलागणीला मात्र साधा चष्मा लावा. मी तो डिकीत ठेवते.

नवी काच बसल्यावर त्याच संध्याकाळी सोलापूर रोडने परतले. समोर सूर्य, रस्त्यावर टँकरचं पाणी सांडलेलं, आणि त्या पाण्याखालचं डांबर मला स्वच्छ दिसत होतं. इतकं बरं वाटलं!

आणि हो, बिलावर 'यूव्ही 400', म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच, असं लिहून घ्या. काच काळी आहे म्हणजे अतिनील किरण अडतात असं नाही. तसं संरक्षण नसलेल्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि ते किरण उलट जास्तच आत जातात.