कलुझाची पाचवी मिती, वही तिसरी: चूक सापडली

अवकाश-काळाच्या चार मितींत पाचवी मिळवून गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकाच गणितात बसवायचं, ही गणितज्ञ थिओडोर कलुझाची कल्पना मी वहीत हाताने पडताळतेय. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की पाच मितींची अदिश वक्रता (अवकाश-काळ किती वाकला आहे ते सांगणारी एक संख्या) काढताना विद्युतचुंबकीय पदाच्या मागे उणे १/४ यायला हवा, आणि माझ्याकडे काही केल्या उणे १/२ येतोय. त्यात तीन रविवार गेले. आता चूक सापडली आहे, पण ती सापडल्यावर जे समोर आलं ते चुकीपेक्षा मोठं आहे.

नव्याने आलेल्यांसाठी मांडणी थोडक्यात सांगते. चार मितींच्या मेट्रिकचे (अंतर कसं मोजायचं ते सांगणाऱ्या तक्त्याचे) स्वतंत्र घटक १०. एक मिती वाढवली की ते १५ होतात. त्यातले १० गुरुत्वाकर्षणाचे, ४ विद्युतचुंबकीय विभवाचे (ज्यातून विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं निघतात), आणि १ उरतो. थिओडोर कलुझा तेव्हा क्योनिग्सबर्गला विद्यार्थ्यांच्या फीवर भागवणारा अध्यापक होता. त्याने १९१९ मध्ये ही कल्पना आइनस्टाइनला लिहून पाठवली आणि ती छापून आली १९२१ मध्ये. फिनलंडच्या गुनार नोर्डस्ट्रॉमने १९१४ मध्येच पाच मिती वापरून पाहिल्या होत्या, पण त्याच्यासमोर तेव्हा आइनस्टाइनची गुरुत्वाकर्षणाची अंतिम समीकरणं नव्हती. कलुझाची अट एकच: कुठलीही राशी पाचव्या दिशेने बदलायची नाही.

पहिल्या वहीतला एक निकाल पुन्हा सांगते, कारण त्यावाचून मी इथवर आलेच नसते. पाच मितींत एक कण मोकळा सोडला, त्याच्यावर बल काहीच नाही, तो आपल्या सरळात सरळ वाटेने जातोय. पाचव्या दिशेने काहीच बदलत नाही, म्हणून त्या दिशेचा संवेग कायम राहतो. हीच वाट चार मितींत उतरवली की गुरुत्वाकर्षणाच्या पदाशेजारी लोरेन्ट्झ बल (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं भारित कणावर लावतात ते) येऊन उभं राहतं आणि तो कायम राहणारा संवेग विद्युतभाराची जागा घेतो. बल मी कुठूनही आणून घातलेलं नव्हतं. त्या रात्री ते पान मी चार वेळा पुसून पुन्हा लिहिलं. गेज रूपांतरही (विभवातला असा बदल की क्षेत्रं तशीच राहतात) तसंच: पाचव्या दिशेतला शून्याचा खुंटा प्रत्येक ठिकाणी वेगळा ठोकला तर विभव नेमका गेज रूपांतरासारखाच बदलतो.

आता चुकीकडे येते. हाताने केलेलं पडताळण्यासाठी पायथनमधल्या सिमपायला (अक्षरांतलं गणित करणारी संगणकप्रणाली) सगळ्यात सोपं उदाहरण दिलं: चार मित्या सपाट, एका दिशेने एकसारखं विद्युतक्षेत्र, सगळे स्थिरांक १. यंत्राने वक्रता दिली विद्युतक्षेत्राच्या वर्गाच्या निम्मी. माझ्या वहीत आला होता अख्खा वर्ग. नेमका दुप्पट म्हटल्यावर कुठे पाहायचं ते कळलं. रिची टेन्सरचे (वक्रतेच्या तक्त्याचे, ज्याच्या बेरजेतून अदिश वक्रता मिळते) चार मितींतले घटक बेरजेत उणे १/२ देतात, ते मी बरोबर काढले होते. पाचवा-पाचवा घटक अधिक १/४ देतो. तो मी काढला होता, पानाच्या कोपऱ्यात चौकटही केली होती, पण बेरजेत घ्यायचा राहून गेला. उणे १/२ अधिक १/४, उणे १/४. जुळलं. (पाचवी मिती काळासारखी धरली तर या पदाचं चिन्ह उलटतं आणि विद्युतक्षेत्राची ऊर्जा उणे होते. म्हणून ती अवकाशासारखीच हवी.)

पण त्या चौकटीकडे परत बघताना लक्षात आलं की पोकळीत रिचीचा प्रत्येक घटक शून्य व्हायला हवा, म्हणजे हाही. आणि तो तर विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या वर्गाच्या पाव हिश्शाएवढा आहे, आणि त्या वर्गात चुंबकीय क्षेत्राच्या वर्गातून विद्युतक्षेत्राचा वर्ग वजा होतो. तो शून्य म्हणजे विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र, योग्य एककांत, सगळीकडे सारख्याच तीव्रतेचं. प्रकाशाच्या लहरीला हे चालतं. पण केसांवर घासलेला कंगवा कागदाच्या कपट्यांवर धरा. कपटे उडून चिकटतात, आणि तिथे चुंबकीय क्षेत्र नाही. माझ्या वहीतल्या विश्वात हे घडूच शकत नाही! संध्याकाळी मी खरोखर कंगवा घासून पाहिला. कपटे चिकटले.

दोष त्या उरलेल्या पंधराव्या, अदिश (दिशा नसलेल्या) घटकाचा. मी तो १ धरून टाकला होता, म्हणजे पाचव्या दिशेची लांबी सगळीकडे सारखी मानली होती. स्वीडनचा भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइन यानेही १९२६ च्या मांडणीत तो स्थिरच धरला होता. पुढे १९४० च्या दशकात पास्कुआल योर्डान आणि इव्ह तिरी यांनी तो मोकळा सोडला. मोकळा सोडला की वरची अट नाहीशी होते, आणि तिच्या जागी त्या अदिश क्षेत्राचं समीकरण येतं, ज्याचा उगम क्षेत्राच्या त्याच वर्गात असतो. कंगवा वाचतो. मात्र गुरुत्वाकर्षणाला एक नवा जोडीदार मिळतो, त्याची सोय लावावी लागते. मला विचाराल तर सिद्धांताचा खरा प्रश्न हा जोडीदारच आहे. पाचवी मिती दिसत का नाही, हा प्रश्न त्यामानाने सोपा, कारण त्याचं उत्तर क्लाइनने दिलंय: ती वर्तुळासारखी गुंडाळलेली आहे आणि फार लहान आहे.

किती लहान, ते याच आठवड्यात काढलं. वर्तुळावर लहर पूर्ण संख्येतच बसते, म्हणून पाचवा संवेग ठरावीक पटींतच येतो, म्हणून विद्युतभारही. विद्युतभार ठरावीक तुकड्यांतच का असतो याचं इतकं साधं कारण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. सगळ्यात लहान पटीला इलेक्ट्रॉनचा भार मानलं तर त्रिज्या येते प्लांक लांबीच्या (सुमारे १० चा उणे ३५ वा घात मीटर) साधारण २३ पट. इथवर मजा वाटत होती. मग त्याच पटीचं वस्तुमान काढलं: जवळजवळ १ मायक्रोग्रॅम. धुळीच्या बारीक कणाच्या तोडीचं, तराजूत घालून मोजता येईल असं! खऱ्या इलेक्ट्रॉनच्या हे साधारण १० चा २१ वा घात इतके पट आहे. गणित तीनदा तपासलं, चूक नाही. हा फरक सिद्धांताचाच आहे, आणि इलेक्ट्रॉनशी आपलं गणित बसत नाही हे कलुझालाही ठाऊक होतं.

पुढचं काम: एकाच भाराभोवतीचं स्थिर, गोल सममितीचं उत्तर, यावेळी अदिश घटक मोकळा सोडून. तीन अज्ञात फलनं झाली आहेत, समीकरणं लिहून झालीत, आणि दूर अंतरावर अदिश घटक १ कडे जातो एवढी एकच सीमा-अट आत्तापर्यंत ठरली आहे. ज्यांनी हे आधी केलंय त्यांनी भाराजवळची अट कशी धरली ते जरूर सांगा. मी येत्या रविवारी तिथूनच सुरू करणार आहे.