दुसऱ्याच्या भांड्यांतला संसार

आक्राच्या ओसू भागातल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक घर होतं. तिथली माणसं दीड-दोन वर्षांनी बदलायची, भांडी मात्र तीच. चार ताटल्या, चार वाडगे, एक जाड बुडाचं पातेलं, कान तुटलेला पिवळा मग. 2014 मध्ये आम्ही घानाला गेलो तेव्हा त्या भांड्यांत संसार मांडायला अमेरिकेतल्या आयडाहोहून एक जोडपं नुकतंच आलं होतं, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या कामाला. ते एकाहत्तर वर्षांचे, त्या अडुसष्टच्या. दोघांच्या छातीवर काळ्या रंगाचा, पांढऱ्या अक्षरांचा एकेक बिल्ला. आम्ही आपसांत त्यांना आजी-आजोबा म्हणायचो, कारण मुलगा म्हणायचा. तोंडावर मात्र बिल्ल्यावर होतं तेच. ते ‘एल्डर’ अमुक, त्या ‘सिस्टर’ अमुक.

एल्डर म्हणजे ज्येष्ठ. आजोबांना ते शोभायचं. पण त्यांच्याकडे येणारी मिशनवरची पोरंही एल्डरच! अठरा-एकोणीस वर्षांची, गळ्याला टाय, हनुवटीवर पुटकुळ्या, आणि एकमेकांना हाका मारायच्या त्या ज्येष्ठ म्हणून. मला महिनाभर हसू आवरायचं नाही.

पहिल्या दिवशी मी रीतीप्रमाणे चहा केला. आलं, वेलदोडा, भारतातून आणलेली पावडर. दोघं आले, बसले, कप बघितले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, आम्ही चहा घेत नाही. मी म्हटलं, कॉफी करते. तीही नाही. मॉर्मन मंडळींचा हा नियम 1833 पासूनचा. दारू, तंबाखू, चहा, कॉफी, सगळं बंद. दारू-तंबाखूचं ठीक आहे, पण ज्या माणसाला चहाही चालत नाही त्याच्याशी शेजारधर्म सुरू तरी कुठून करायचा? आमच्या मंचरला अशा माणसाला एकतर आजारी समजतात, नाहीतर चहा देणाऱ्यावर रागावलेला.

तोडगा कुंडीत निघाला. घानात गवती चहा कुठेही उगवतो, माझ्याही गच्चीत होता. आठवड्याभरानं मी नुसती पात, आलं आणि गूळ उकळून नेलं. आजींनी तीन-तीनदा विचारलं, यात चहाची पानं नाहीत ना? मी म्हटलं, नावात चहा आहे, भांड्यात नाही. त्यांनी पिवळ्या मगात ओतून घेतला, आणि मग तो रोजचाच झाला.

असाच घोटाळा उपासाचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन वेळचं जेवण सोडतात आणि त्या जेवणाचे वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात. मला एवढंच कळलं की रविवारी उपास आहे. मी सकाळी साबुदाण्याची खिचडी घेऊन हजर. आता उपासाला खायचं असतं, हे त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली, कारण त्यांचा उपास पाण्याशिवायचा. खिचडी संध्याकाळपर्यंत झाकून राहिली आणि उपास सोडायला कामी आली. त्यांच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी दाणे हातात घेऊन पाहिले. हे कसाव्याचं आहे म्हटल्यावर खूप हसल्या. त्यांच्या घरी फुफू काय, गारी काय, रोज कसावाच. आमचा उपास म्हणजे त्यांचं रोजचं जेवण निघालं.

आजोबा बटाट्याचे शेतकरी. आयडाहो म्हणजे बटाटा हे मला ठाऊक नव्हतं आणि आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार म्हणजे बटाटा हे त्यांना. ते कळल्यावर मग आमच्या जिन्यात उभ्या उभ्या बियाणं, करपा, साठवण असल्या गप्पा चालायच्या. आक्राच्या बाजारातले बटाटे हातात घेऊन ते असं तोंड करायचे की जणू कुणाच्या तरी मुलाचा निकाल पाहिलाय. मात्र मिशनवर त्यांच्या वाट्याला शेत नव्हतं. पोरांच्या भाड्याच्या खोल्या तपासणं हे त्यांचं काम. गॅस सिलिंडरची नळी बरी आहे का, मच्छरदाणीला भोक नाही ना, पाण्याचा फिल्टर कधी धुतला. आजी मिशनच्या कचेरीत हिशेब लिहायच्या. दर सहा आठवड्यांनी पोरांच्या बदल्या व्हायच्या, त्या आठवड्यात आजोबा गाडीत गाद्या घालून शहरभर फिरायचे आणि आजी दालचिनीचे पाव भाजायच्या. जिन्यात वास सुटला की आमचा मुलगा म्हणायचा, आई, बदली आली.

पगार? काही नाही. उलट जायचं-यायचं, राहायचं, खायचं सगळं स्वतःच्या साठवणीतून. हे मी फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “मग त्यांची मुलं काही बोलत नाहीत का?”

नवऱ्याचं म्हणणं असं की या वयात माणूस आवरायला घेतो, ही माणसं मांडायला निघालीत. मला ते तितकंसं पटलं नाही. आमच्याच सासूबाई-सासरे सत्तरीच्या आसपास दोनदा न्यू जर्सीला जाऊन आले होते, जावेच्या बाळंतपणाला. बॅगेत मेतकूट, भाजणी, डिंकाचे लाडू. पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का. सुनेचं स्वयंपाकघर, चमच्यांचा खण कुठला हेसुद्धा विचारायचं. बाहेर बर्फ, आणि दिवसभर बाळाला मांडीवर घेऊन मायदेशाच्या बातम्या. ते मिशन नव्हे तर काय? फक्त छातीवर बिल्ला नव्हता.

फरक एवढाच की आमची माणसं आपल्या नातवंडांसाठी जातात आणि हे दोघं त्यांना सोडून आले होते. त्या नोव्हेंबरात आजींना नात झाली. त्यांनी ती पाहिली लॅपटॉपवर, तेही वीज होती म्हणून. मला राग आला, का कोण जाणे, जणू मलाच कुणी टाकून गेलं होतं. मी विचारलंच, तुम्हाला जावंसं वाटत नाही? त्या दालचिनी चाळत होत्या. म्हणाल्या, “तिची दुसरी आजी आहे तिथे.” आणि पीठ मळायला लागल्या, जरा जास्तच जोरात.

धर्माबद्दल आम्ही फार बोललो नाही. एकदा त्यांनी रविवारी चर्चला बोलावलं, मी नको म्हटलं. त्यांनी माझ्या चहाला नको म्हटलं होतं, मी त्यांच्या रविवारला. हिशेब फिटला. दारोदार जाऊन कुणाला आपला देव सांगणं मला आजही आवडत नाही आणि हे मी आजोबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, मलाही जमत नाही, म्हणून तर मी गाद्या पोचवतो.

एक प्रश्न मात्र मनात ठसठसत होता. या चर्चमध्ये 1978 च्या जूनपर्यंत काळ्या पुरुषांना पुरोहितपद मिळत नसे. आणि इथे घानात तर त्याच्याही आधी, 1964 पासून, जोसेफ विल्यम बिली जॉन्सन नावाचे गृहस्थ केप कोस्टला स्वतःच या पंथाच्या मंडळ्या उभ्या करून बसले होते. अमेरिकेतून कुणी येईल म्हणून वाट बघत चौदा वर्षं! अखेर 1978 च्या शेवटी माणसं आली ती टायवाली पोरं नव्हती. रेंडेल आणि रेचेल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन ही दोन वयस्क जोडपी होती. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या ताटल्यांची परंपरा तशी जुनी. पण ती चौदा वर्षं? मी आजींना विचारलं. त्यांनी उत्तर सजवलं नाही. त्यांच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. पुरोहितपदावरची बंदी उठल्याची बातमी रेडिओवर लागली तेव्हा आजोबा शेतात पाण्याचे पाइप हलवत होते आणि त्या चप्पल न घालता तिथवर पळत गेल्या होत्या. “आनंद झाला,” म्हणाल्या, “आणि इतकी वर्षं आपण गप्प का होतो, हे मुलांनी विचारलं तेव्हा सांगता आलं नाही.” पुढे मीही ताणलं नाही.

त्या घरात एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, ओट्याखालच्या खणात. आधीच्या प्रत्येक जोडप्यानं तिच्यात पुढच्यांसाठी लिहून ठेवलेलं. गॅसवाल्याचा नंबर. गिझरचं बटण उलटं आहे. डावीकडचा नळ जोरात फिरवू नका. हरमॅटनचे वारे सुरू झाले की सहाराची धूळ येते, कपडे आत वाळत घाला. मध्येच एका वेगळ्या, तिरक्या अक्षरात, पहिल्या आठवड्यात रडू येईल, येऊ द्या. आजींनी मला ते पान दाखवलं होतं. लिहिणारी बाई कोण, कुठली, त्यांनाही माहीत नव्हतं, पण पातेलं तिनंच घेतलेलं असावं असा त्यांचा कयास होता, कारण एवढं शहाणं पातेलं रडून मोकळ्या झालेल्या बाईलाच सुचेल.

मग आलं 2015 चं डुमसोर. डुम म्हणजे विझव, सो म्हणजे पेटव. घानातल्या लोडशेडिंगचं हे नाव. आपल्याकडच्या भारनियमन या सरकारी शब्दापेक्षा किती खरं! चोवीस तास वीज नाही, मग बारा तास आहे, असं ते वेळापत्रक आणि तेही पाळलं जाईलच असं नाही. नवऱ्याची कंपनी डिझेल जनरेटर विकायची, त्यामुळे साऱ्या शहराच्या अंधारावर आमचं पोट चालत होतं. या गोष्टीची मला थोडी लाज वाटायची आणि थोडी नाही. आमच्याकडे इन्व्हर्टर होता, खाली नव्हता. आजी-आजोबा कंदिलात जेवायचे. त्यांच्या भाषेत मिशनवरच्या जोडीदाराला कंपॅनियन म्हणतात आणि तरुण पोरांना आपल्या कंपॅनियनच्या नजरेआड जायची मुभा नसते. आजी म्हणायच्या, अठ्ठेचाळीस वर्षांत हा माणूस माझ्या नजरेआड गेला तो फक्त डुमसोरमध्ये.

मे महिन्यात मदर्स डे आला. त्या काळी या पोरांना घरी बोलायची परवानगी वर्षातून दोनदाच असायची, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. ज्यांच्या खोलीत इंटरनेट नव्हतं ती सगळी आजींकडे येणार होती. 10 मेच्या दुपारी जिन्यात पांढऱ्या सदऱ्यांची रांग लागली आणि वीज गेली.

नवऱ्यानं वीस मीटरची पिवळी वायर काढली. गच्चीतून खाली सोडली, गवती चहाच्या कुंडीला एक वेढा देऊन, म्हणजे ओढली जाऊ नये. खाली आजोबांनी ती खिडकीतून आत घेतली. लॅपटॉप पेटला तेव्हा जिन्यात टाळ्या झाल्या. मी पंखा बंद करून बसले, सगळी बॅटरी त्या आयांना मिळावी म्हणून, आणि वर शंकरपाळे तळून पाठवले. खालून आवाज येत होते. युटाहची आई, लागोसची आई. शब्द कळत नव्हते, पण पहिली दोन मिनिटं सगळ्या आया सारखंच बोलतात. जेवतोस ना, बारीक झालास.

एक पोरगा लायबेरियाचा होता. त्याच्या आईकडे स्क्रीन नव्हती, साधा फोन होता, त्यामुळे त्याला आमची वीज लागणारच नव्हती. तरी तो रांगेत थांबला होता. आदल्याच दिवशी, 9 मेला, लायबेरिया इबोलामुक्त झाल्याचं जाहीर झालं होतं. तो जिन्यात आमच्या दाराशी बसून बोलला. बोलला म्हणजे, आई बोलत होती आणि हा नुसता मान हलवत होता, फोनवर मान दिसत नाही हे विसरून. मी पाणी ठेवून आत गेले.

संध्याकाळी आजी वर आल्या. पहिल्यांदाच न बोलावता. डोळे सुजलेले. त्यांच्या स्वतःच्या पाच मुलांचे फोन राहूनच गेले होते, बॅटरी संपली होती. मी गवती चहा केला, त्यांनी कपात घेतला. खालचा मग आणायचं सुचलं नाही त्यांना.

2016 च्या सुरुवातीला ते गेले. दोन बॅगा घेऊन आले होते, दोन घेऊन गेले. निघताना आजोबांनी वायर गुंडाळून परत आणली, नवऱ्यानं ती घेतली नाही. आमच्या मुलाला त्यांनी बटाट्याच्या डोळ्यांची रोपं कशी लावायची ते कागदावर काढून दिलं होतं. आक्राच्या उन्हात ती काही जगली नाहीत.

दहा दिवसांनी खाली नवं जोडपं आलं. मी मुद्दाम लगेच गेले नाही. तिसऱ्या दिवशी रात्री वीज गेली आणि पाचच मिनिटांत दार वाजलं. दारात एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ, छातीवर बिल्ला, हातात पिवळ्या वायरीचं टोक.

“माफ करा,” ते म्हणाले, “वहीत लिहिलंय की हे वरच्या घरी जातं.”