बुरशी लागलेल्या कॅसेटमधली ‘सद्गती’

सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेली ‘सद्गती’ मामाने टीव्हीवरून व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटवर उतरवून ठेवली होती. प्रेमचंदांच्या कथेवरची, जेमतेम पाऊण तासाची. आईची ओढ स्मिता पाटीलसाठी. मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या वाचायची तेव्हापासूनची. माझ्या मनात मात्र ओम पुरींचा दुखी नावाचा दलित रुतून बसला. उपाशीपोटी घातलेले कुऱ्हाडीचे घाव, न फुटणारा ओंडका आणि ओसरीत निवांत असलेले मोहन आगाशेंचे पंडितजी. शेवटी दुखीच्या प्रेताला हात लागू नये म्हणून पायात दोरीचा फास अडकवून ते ओढत नेतात, त्या दृश्याने मला कितीतरी रात्री झोप लागली नव्हती.

आज ही फिल्म शोधली तर सापडते. पण मला आमचीच प्रत हवी होती, प्रक्षेपण अडलं की दूरदर्शन दाखवायचं त्या मधल्या ‘व्यत्यय’च्या पाटीसकट.

कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर रिळाच्या कडेला पांढरी बुरशी. अशी कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये, म्हणजे ती चालवणाऱ्या मशीनमध्ये, घालायची नसते. बुरशी फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. फीत कमकुवत झाली असेल तर तुटतेही. तोंडाला मास्क लावून गच्चीत बसले, खालचे पाच स्क्रू काढले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडातून फीत हळूहळू फिरवत पुसली आणि दोन्ही रिळं एका चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. फार जपून करायचं काम आहे, पण करता येतं.

व्हीसीआर मिळणं त्याहून अवघड. ते बनवणाऱ्या शेवटच्या, जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे आता सगळी भिस्त जुन्या मशीनवर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने बेल्ट बदलून, फीत पुढे ओढणारा पिंच रोलर साफ करून एक चालू करून दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

चित्र बरं आलं, आवाज मधेमधे बुडत होता. साध्या व्हीसीआरमध्ये आवाजाची पट्टी फितीच्या अगदी कडेला असते, म्हणून कड मुडपली की पहिला मार आवाजाला बसतो. आणि या फिल्ममध्ये कुऱ्हाडीचा आवाज गेला तर उरलं काय? ती कड बोटाने सपाट करत, ट्रॅकिंग (हेड आणि फितीची जुळणी) फिरवत पुन्हा पुन्हा संगणकावर कॅप्चर केलं आणि प्रत्येक वेळचा चांगला तुकडा जोडला. मूळ फाइल ७२० बाय ५७६ पिक्सेल, इंटरलेस्ड (टीव्हीसारखी एकाआड एक ओळींची), काहीही कॉम्प्रेस न करता ठेवली आहे. बघायची प्रत वेगळी.

मामाला ती दाखवली तेव्हा तो ‘व्यत्यय’च्या पाटीलाच आधी हसला. मग घाव सुरू झाले आणि गप्प झाला. आता त्याच्याच कपाटातली विजया मेहतांच्या ‘स्मृतिचित्रे’ या फिल्मची कॅसेट हाती घेतली आहे. तिच्यावर बुरशी नाही, पण सुरुवातीची फीत चुरगळलेली आहे.