क्रूझला निघण्याआधी बाळाचा जन्मदाखला काढून पाहा

कुटुंबाला घेऊन पहिल्यांदाच क्रूझला निघालेली ओळखीची मंडळी आम्हाला जे विचारतात, ते बहुतेक बोट लागण्याविषयी, शाकाहारी जेवणाविषयी आणि कपड्यांविषयी असते. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींची उत्तरे मी पुढे देणार आहे. पण यांपैकी कशानेही आमची झोप उडवली नव्हती. झोप उडवली ती धाकट्या आरवच्या जन्मदाखल्याने, आणि त्या दाखल्यापायी झालेला मनस्ताप अजून पुरता उतरलेला नसल्यामुळे आधी त्याविषयीच लिहिते.

साताऱ्याहून आम्ही पाच जण निघणार होतो: मी, माझे पती, सासूबाई, पहिलीत शिकणारी मुलगी आणि दीड वर्षाचा आरव. दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून जहाजात बसायचे, पेनांग आणि फुकेत पाहायचे आणि सिंगापूरलाच परत उतरायचे, असा बेत होता. आगाऊ रक्कम भरली, लागून लागून दोन खोल्या मिळाल्या आणि सहल ठरवून देणाऱ्या एजंटने पाचही जणांचे पासपोर्ट क्रमांक मागितले. चौघांचे लगेच दिले. पाचव्याचा पासपोर्टच नव्हता, आणि तो काढायला असा किती वेळ लागणार, असे आम्ही सगळेच समजत होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मांडीवरचे बाळसुद्धा जहाजावर पूर्ण प्रवासी धरले जाते, कारण खोलीतील आणि जीवनरक्षक नौकेतील जागा माणशी मोजलेली असते. प्रत्येक प्रवाशाचे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक यांची यादी वाटेतल्या बंदरांना आधीच कळवावी लागते. त्यामुळे बाळाचे काय ते नंतर पाहू, ही सवलत इथे मिळत नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्म प्रमाणपत्रच चालते. आधार कार्ड पुढे करून वेळ मारून नेता येत नाही.

माझे माहेर सांगली जिल्ह्यातले, आणि पहिल्यासारखेच हेही बाळंतपण माहेरी झाल्यामुळे आरवची नोंद तिथल्याच एका नगरपालिकेत आहे. रुग्णालयाने जन्माची माहिती वेळेत पाठवली होती, परंतु तेव्हा बारसे व्हायचे होते, म्हणून बाळाच्या नावाचा रकाना रिकामा राहिला आणि हाती आलेल्या दाखल्यावर नावापुढे एक आडवी रेघ होती. त्याच दाखल्यावर आईचे नाव म्हणून माझे माहेरचे नाव होते, कारण रुग्णालयातील माझी जुनी फाइल त्याच नावाने चालू होती. माझ्या पासपोर्टवर अर्थातच सासरचे नाव आहे. म्हणजे कागदोपत्री पाहिले तर एका निनावी मुलाला एक अनोळखी बाई आई म्हणून लावलेली होती.

नियम याबाबत मुळीच कठोर नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ नुसार नोंदणीनंतर बाळाचे नाव भरता येते. पहिल्या बारा महिन्यांत त्यासाठी काहीच शुल्क नाही आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क भरून ते काम होते. नोंदीतील चूक दुरुस्त करण्याची तरतूद कलम १५ मध्ये आहे. ही दोन कलमे मला आज तोंडपाठ आहेत, कारण ती मी त्या कार्यालयातील लाकडी बाकावर बसून मोबाइलवर पुन्हा पुन्हा वाचली आहेत.

खिडकीपलीकडच्या लिपिकाने सुरुवातीलाच सांगितले, “ताई, चूक दवाखान्याची आहे. त्यांचं पत्र आणा, मग बघू.” रुग्णालयात गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, “नगरपालिकेनं आम्हाला लेखी विचारलं, तर आम्ही लेखी उत्तर देऊ.” परत नगरपालिकेत आले, तर लेखी विचारण्याचा अधिकार ज्यांना आहे ते साहेब बैठकीला गेले होते. पुढच्या वेळी ते निवडणुकीच्या कामात होते. मी साताऱ्याहून दर वेळी रजा काढून येणार, बाळ आजीकडे रडत राहणार आणि दुपारी चार वाजता “आज काही होत नाही” हे ऐकून परतीची एसटी धरणार, असा तो क्रम होता. अधल्यामधल्या दिवशी माझे वडील जाऊन बसत. त्यांना “काका, कशाला हेलपाटे घालताय, फोन करतो आम्ही” असे फार गोड बोलून परत पाठवले जाई आणि फोन कधीच येत नसे.

एकदा ते रजिस्टर माझ्या डोळ्यांसमोर उघडले गेले. लाल कापडी पाठीचे, कोपरे झिजलेले, दोन्ही हातांनी उचलावे लागणारे ते बाड लिपिकाने माझ्या दिशेने फिरवले आणि आमच्या नोंदीवर बोट ठेवले. तारीख बरोबर, वेळ बरोबर, वडिलांचे नाव बरोबर, वजनसुद्धा बरोबर. फक्त नावाच्या चौकटीत निळ्या शाईची ती रेघ. तिथे तीन अक्षरे लिहिण्यासाठी जागा होती, पेन समोर पडलेले होते आणि लिहिणारा माणूसही समोर बसलेला होता. तरी ती अक्षरे त्या दिवशी लिहिली गेली नाहीत.

इकडे एजंटचे फोन सुरू झाले होते. उरलेली रक्कम भरण्याची शेवटची तारीख जवळ आली होती, आणि त्या तारखेनंतर बेत रद्द केला असता तर बहुतेक पैसे बुडणार होते. आरवला माझ्या आईकडे ठेवून चौघांनी जावे, असाही सल्ला एका नातेवाइकाने दिला. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही.

शेवटी काम कशाने झाले, ते नीट सांगते. मी तोंडी विनंत्या बंद केल्या. एका पानाचा अर्ज लिहिला, त्यात दोन्ही कलमांचा उल्लेख केला, जन्म प्रमाणपत्र देणे ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित केलेली, म्हणजे ठरलेल्या मुदतीत द्यावीच लागणारी सेवा असल्याचे नमूद केले आणि आमच्या दोघांची आधार कार्डे, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड आणि माझी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले. अर्ज खिडकीवर न देता आवक विभागात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलले नाही. “पोच कशाला पाहिजे, आपलंच काम आहे,” असे मला सांगण्यात आले. आपलेच काम असल्यामुळे पोच हवी आहे, असे मी उत्तर दिले. ज्या कागदाला आवक क्रमांक पडतो त्याचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागते, आणि त्यानंतर रुग्णालयाच्या पत्राची गरज कोणालाच वाटली नाही, याचा मला अजूनही राग येतो आणि थोडा अभिमानही वाटतो.

नवा दाखला छापून आला, तेव्हा मराठीत नाव अचूक होते आणि इंग्रजीत सुरुवातीच्या दोन ‘ए’ऐवजी एकच होता. आधार कार्डावर दोन होते. लिपिकाच्या मते याने काही फरक पडत नव्हता. मी दाखला खिडकीतून आत सरकवला आणि दुसरा छापून घेतला. म्हणून सांगते की अशा कार्यालयात कागद हातात पडल्यावर आनंदाने पिशवीत टाकू नये. तिथेच उभे राहून दोन्ही लिपींतील प्रत्येक अक्षर वाचावे आणि मगच खिडकी सोडावी.

पुढचे सगळे इतके सुरळीत झाले की त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. अल्पवयीन मुलाच्या अर्जासोबत दोन्ही पालकांच्या सहीचे परिशिष्ट ‘ड’ (Annexure D, पालकांचे घोषणापत्र) लागते, आणि मूल चार वर्षांहून लहान असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आपण न्यायचा असतो. लहान मुलांच्या पासपोर्टचे शुल्क एक हजार रुपये असून आठ वर्षांखालील मुलांना त्यात दहा टक्के सवलत मिळते. आम्हा दोघांचे पासपोर्ट आधीपासून असल्यामुळे आरवसाठी पोलीस पडताळणी झाली नाही. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे लक्षात ठेवून मोठ्या मुलांचे जुने पासपोर्टही तपासावेत, कारण परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते.

व्हिसाबाबत क्रूझच्या प्रवाशांनी एक गोष्ट विमानप्रवाशांपेक्षा वेगळी पाहावी. जहाज सिंगापूरहून निघून दुसऱ्या देशांत जाते आणि पुन्हा सिंगापूरला येते, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा प्रवेश करता. म्हणून व्हिसा हाती येताच तो एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे पाहावे. सिंगापूरचे आगमन पत्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते, ते पूर्णपणे मोफत आहे, आणि जहाजातून परत उतरतानाही वेगळे भरावे लागते. पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे, एवढे ओळखावे.

आता बोट लागण्याविषयी. मोठे जहाज फारसे हलत नाही, तरी खोली निवडण्याची संधी असेल तर खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यभागाजवळची घ्यावी. टोकाकडच्या आणि वरच्या खोल्यांना हेलकावे अधिक जाणवतात. आमच्या सासूबाईंना कात्रजच्या घाटात मळमळते, पण समुद्रावर काही झाले नाही. तरी गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवावी आणि ती त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, हे विसरू नये.

फराळाविषयी मात्र गंभीरपणे सांगते. सिंगापूरमध्ये खसखस नेण्यास बंदी आहे, कारण तिथे तिची गणना अमली पदार्थांत होते. दिवाळीत निघणाऱ्यांनी अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्या घरीच संपवाव्यात. सासूबाईंनी प्रेमाने भरलेला डबा मी निघण्याच्या आदल्या रात्री बाहेर काढला, त्यावरून घरात थोडी बोलाचाली झाली. इस्त्री, किटली आणि विजेची एक्स्टेन्शन बोर्डे जहाजावर चालत नाहीत. ती तपासणीत काढून घेतात. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असेल तर ते आरक्षण करतानाच लेखी कळवावे. आम्हाला डाळ-भात रोज मिळाला, आणि तोही बरा होता.

बाळ सहा महिन्यांहून लहान असेल तर बहुतेक कंपन्या त्याला जहाजावर घेत नाहीत. डायपर लावलेल्या मुलांना सहसा पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत, आणि मुलांच्या खेळघरात साधारणपणे तीन वर्षांपासून पुढेच प्रवेश असतो, तेव्हा दीड वर्षाच्या मुलाचे आई-वडील तिथे जाऊन निवांत बसतील, या आशेवर राहू नये. पाळणा आधी मागून ठेवावा. दुडक्या चालीने चालणाऱ्या मुलासाठी घडी होणारी बाबागाडीच न्यावी, कारण खोलीत मोठी गाडी उभी करायला जागा नसते.

जहाजात चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात आणि त्या खोलीपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून पासपोर्ट, औषधे, बाळाचे दूध आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. निघण्याआधी सुरक्षेची कवायत सर्वांना सक्तीची असते. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कोंकोर्डिया हे क्रूझ जहाज बुडाले, त्यानंतर ही कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच करण्याचा नियम झाला. ती कंटाळवाणी वाटली तरी आपले जमण्याचे ठिकाण कोणते, ते सासूबाईंसारख्या ज्येष्ठांना प्रत्यक्ष चालवत नेऊन दाखवावे.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. सगळा खर्च खोलीच्या कार्डावर चढतो आणि शेवटी क्रेडिट कार्डातून वळता होतो. आपल्या बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू करून ठेवावेत. माणशी दर रात्रीची बक्षिसी बहुधा बिलात आपोआप लागते, ती धरूनच खर्चाचा अंदाज बांधावा. सहलीच्या पैशांवर एजंटने घेतलेला टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला आयकर, आपल्या आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो आणि आयकर विवरणपत्र भरताना समायोजित होतो. आमच्या एजंटने हे आपणहून सांगितले नव्हते. किनारा सोडताच फोन विमान मोडवर टाकावा, नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जाऊन मोठे बिल येऊ शकते.

पेनांगचा धक्का जॉर्ज टाउनच्या अगदी लगत आहे, त्यामुळे तिथे महागडी सहल विकत घेण्याची गरज नाही. जुन्या वस्तीत आणि लिटल इंडियात पायी जाता येते. फुकेतला मात्र आमचे जहाज समुद्रातच नांगर टाकून उभे राहिले आणि लहान होडीने किनारा गाठावा लागला. होडी वरखाली होत असताना पाऊल टाकणे गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोपे नाही. सासूबाई जहाजावरच थांबल्या आणि त्यांना त्याचे मुळीच दुःख झाले नाही. थायलंडची वेळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. मोबाइल किनाऱ्यावर स्थानिक वेळ दाखवू लागतो आणि जहाज आपल्या वेळेवर निघते, म्हणून एक मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावे.

शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. त्या बाहेर ठेवण्याआधी सकाळचे कपडे, चपला, औषधे आणि बाळाचे डायपर बाजूला काढून ठेवावेत, आणि पासपोर्ट जहाजाकडे जमा असेल तर तो कोणत्या मजल्यावर, किती वाजता परत मिळणार, हे त्याच रात्री विचारून घ्यावे.