एका खात्यातले सहा जण

पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या सराव चाचण्या आणि व्हिडिओ विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी ग्राहकांचे फोन घेते. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवसाचा शनिवार म्हणजे आमच्याकडे लगीनघाई. नेमका त्याच आठवड्यात साहेबांनी नवा नियम लावला होता: एका खात्यावर दोनच मोबाइल किंवा लॅपटॉप. तिसऱ्यावर लॉगिन झालं की खातं २४ तास बंद.

साहेबांचा राग खोटा नव्हता. पैसे एक जण भरतो आणि बघते अख्खी अभ्यासिका. पण पोरांना तरी यात चोरी कशी वाटावी? ‘पासवर्ड वाटणं म्हणजे प्रेम’ असं ट्विट खुद्द नेटफ्लिक्सनं २०१७ साली केलं होतं. २०२३ च्या जुलैत तेच भारतातल्या ग्राहकांना बजावू लागले, की खातं फक्त एका घरापुरतं.

दुपारी फोन आला. खातं बंद पडलंय. नाव विचारलं, पटकन सांगितलं. जन्मतारीख विचारली तर चिडीचूप. मग मागे कुजबुज, “अरे, सांग की तुझी जन्मतारीख!”

मी खातं उघडलं. हा एकटा विद्यार्थी पहाटे चारला बसायचा तो रात्री दोनलाच उठायचा. राज्यशास्त्राच्या चाचणीत पहिल्या दहात, सीसॅटमध्ये, म्हणजे आकलन-बुद्धिमत्तेच्या पेपरात, तळाला. एकाच वेळी दोन ठिकाणी लॉगिन मात्र एकदाही नाही, त्यामुळे आजवर सापडला नव्हता. शेवटी पोरानं कबूल केलं. सहा जण, प्रत्येकी ८०० रुपये, भिंतीवर पाळ्यांचं वेळापत्रक. पाळी संपली की लॉगआउट. “उशीर केला तर सगळ्यांना चहा पाजायचा, मॅडम.” एवढी शिस्त आमच्या ऑफिसात नाही!

हसू आलं, पण वाईटही वाटलं. प्रत्येक चाचणी एकदाच देता येते. म्हणजे सहा जणांत एकेकाच्या वाट्याला तुटपुंज्याच आल्या असणार, आणि कोणता विषय कच्चा हे सांगणाऱ्या अहवालाची तर पार भेळ.

संध्याकाळी नांदेडकडच्या एका मुलीचा फोन. हिचा मोबाइल पाण्यात पडलेला. सिम भावाच्या मोबाइलमध्ये टाकून दोन दिवस अभ्यास केला, आज भाऊ कामावर गेला म्हणून सायबर कॅफेत आली. झालं तिसरं लॉगिन. “ताई, उद्या पेपर आहे हो.”

तिनं पासवर्ड कुणालाच दिला नव्हता, पण आमच्या यंत्राला ती आणि ते सहा जण सारखेच. आयपी पत्त्यावरूनही, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या आकडी पत्त्यावरूनही, काही कळत नाही. मोबाइल कंपन्या एकच पत्ता कितीतरी ग्राहकांत वापरतात आणि नांदेडची मुलगी मुंबईत दिसते. अभ्यासिकेच्या वायफायवर तर सगळ्यांचा पत्ता एकच.

मी कुणाला न विचारता तिचं खातं उघडून दिलं, मग साहेबांकडे गेले. नऊ वाजेपर्यंत आमची जुंपली. अखेर खातं बंद करण्याचा नियम गेला. त्याऐवजी प्रत्येक लॉगिनला नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी. सहा जणांचं खातंही सुरू झालं.

पंधरवड्यानं त्याच पोराचा फोन. या वेळी जन्मतारीख न विचारताच सांगितली.

“मॅडम, माझी पाळी रात्री दहाची. पण नंबर माझा आहे ना, म्हणून पहाटे चारला ओटीपीसाठी मलाच उठवतात. नंबर बदलून मिळेल का?”